लांबलेली थंडी, परसातील पाखरे आणि शेतकऱ्याची नोंदवही

रब्बी हंगामात थंडी ही शेतकऱ्याची मैत्रीण मानली जाते व ते खरेही आहे. गव्हास फुटवे भरपूर यावयाचे तर थंडी हवी. हरभरा व करडई यांनाही ती मानवते. मार्गशीर्ष-पौषात चार रात्री पारा उतरला तर शेतकरी समाधान पावतो. परंतु थंडी जेव्हा आठ-आठ, दहा-दहा दिवस हटत नाही आणि पहाटेचे तपमान पाच अंश सेल्सिअसच्या आसपास घुटमळू लागते, तेव्हा तीच थंडी द्राक्षाच्या मण्यास, केळीच्या पोग्यास आणि हरभऱ्याच्या फुलास बाधू लागते. घाटे धरण्याचे थांबते, केळीचा घड निसवताना अडकतो, रोपवाटिकेतील कांद्याची वाढ खुंटते आणि पुढे त्यास डेंगळे येण्याचा संभव वाढतो.

अशा दिवसांत आकाशवाणीवर वा मोबाईलवर जिल्ह्याचा आकडा कळतो. तो आकडा खरा असतो. परंतु तो वेधशाळेच्या आवारातील असतो, ओढ्याकाठच्या सखल वावरातील नसतो. एकाच गावाच्या शिवारात माळावरचे रान व नदीकाठचे रान यांच्या पहाटेच्या तपमानात दोन-चार अंशांचे अंतर सहज पडते. ज्या रात्री वेधशाळेत पाच अंशांची नोंद होते, त्या रात्री गावाच्या खोलगट भागात पिकाच्या शेंड्यावर दंव गोठलेले असू शकते. पाणी कोणत्या तुकड्यास आधी द्यावयाचे, हे जिल्ह्याच्या आकड्यावरून ठरत नाही.

ते ठरविण्यासाठी गावातच दोन साधने उपलब्ध आहेत. एक म्हणजे किमान तपमान दाखविणारा साधा तपमापक. दुसरे साधन विकत घ्यावे लागत नाही. परसातील शेवग्यावर, गोठ्याच्या वळचणीस आणि विजेच्या तारेवर बसणारी पाखरे, हे ते दुसरे साधन होय. पहिले साधन रात्री काय घडले ते सांगते. दुसरे साधन त्या थंडीचा जिवंत सृष्टीवर, विशेषतः किडींवर, काय परिणाम झाला याची सूचना देते. दोन्ही एकत्र पाहण्याची सवय मात्र अजून फार थोड्या गावांत आहे.

निफाडचा अनुभव

महाराष्ट्रात थंडीचे नाव निघाले की निफाडचे नाव निघते. नाशिक जिल्ह्यातील हा तालुका गोदावरी व कादवा या नद्यांच्या खोऱ्यात आहे. जमीन सपाट, काळी व ओलिताची. आकाश हिवाळ्यात निरभ्र. तेथील कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात तपमानाची रोज नोंद होते व राज्यातील नीचांकी आकडा पुष्कळ वेळा तेथलाच असतो. २०१८ सालच्या डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात तेथे पारा दोन अंशांच्याही खाली गेला. त्याच लाटेत २९ डिसेंबर रोजी नागपूर येथे ३.५ अंशांची नोंद झाली व तेथील जुना नीचांक मोडला. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये थंडी पुन्हा उलटून आली. त्यापूर्वी फेब्रुवारी २००८ मधील लाटेने नाशिक भागातील द्राक्षबागांचे मोठे नुकसान केले होते.

ही काही अलीकडचीच गोष्ट आहे असे नाही. पुण्यास १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश आणि समुद्रकाठच्या मुंबईसही २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश इतके तपमान उतरले होते. हिमालयाच्या बाजूने पश्चिमी झंझावात सरकून गेले, तिकडे बर्फ पडले आणि त्यामागून उत्तरेचे कोरडे वारे दक्षिणेकडे वाहू लागले म्हणजे अशी लाट येते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या व्याख्येप्रमाणे सपाट प्रदेशात किमान तपमान १० अंश वा त्याहून कमी असून ते सरासरीहून साडेचार अंश वा अधिक खाली गेले, अथवा सरासरी काहीही असता ते ४ अंश वा त्याहून खाली गेले, तर त्यास थंडीची लाट म्हणतात.

उत्तरेचा वारा थंडी आणतो हे निम्मे सत्य झाले. उरलेली निम्मी थंडी आपल्याच शेतात तयार होते.

रात्री शेतात काय घडते

दिवसभर तापलेली जमीन सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागते. ढग असतील तर ते पांघरुणासारखे काम करतात. हवेत ओल असेल तर दंव पडताना थोडी उष्णता परत मिळते. परंतु आकाश स्वच्छ, हवा कोरडी आणि वारा पडलेला, असा तिहेरी योग आला की उष्णता वेगाने निघून जाते. जमिनीलगतची हवा थंड होते. थंड हवा जड असते, म्हणून ती पाण्याप्रमाणे उताराने वाहत जाऊन खोलगट भागात साठते. वर मात्र हवा त्या मानाने उबदार राहते. गावात हे डोळ्यांनी दिसते. सायंकाळी चुलींचा धूर सरळ वर न जाता घरांच्या आढ्यावर एका पातळीत पसरून राहिला, तर ती रात्र कडक जाणार असे समजण्यास हरकत नाही. कोणत्याही यंत्रावाचून मिळणारी ही खूण आहे व ती सहसा फसवीत नाही, कारण तिच्यामागे सांगता येण्याजोगे कारण आहे.

या विषयातील एक महत्त्वाचा शोध महाराष्ट्रातच लागला, हे शेतकऱ्यांस फारसे ठाऊक नसते. पुण्याच्या वेधशाळेत १९३२ साली कृषिहवामानाची शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. एल्. ए. रामदास यांनी रात्रीच्या वेळी जमिनीपासून निरनिराळ्या उंचीवर तपमापक लावून मोजणी केली. तोवर सर्वांची समजूत अशी होती की, निरभ्र रात्री सर्वांत थंड जागा म्हणजे खुद्द जमिनीचा पृष्ठभाग. रामदासांना असे आढळले की, शांत व निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत थंड हवा पृष्ठभागाशी नसून त्याच्या काहीशी वर, वीतभर ते हातभर उंचीवर असते. परदेशातील शास्त्रज्ञांस हे प्रथम पटले नाही. पुढे ते खरे ठरले व त्या थरास आज जगभर रामदासांचेच नाव आहे. विरळ हरभरा किंवा नुकतीच लावलेली कांद्याची रोपे नेमकी याच उंचीत उभी असतात. पीक दाट झाले की त्याचा वरचा पाला हाच उष्णता सोडणारा पृष्ठभाग बनतो व शेंडे आधी गारठतात. वेधशाळेतील तपमापक मात्र चार फुटांवर असतो. म्हणजे चार फुटांवर चार अंश दिसले, तर पिकाच्या शेंड्यावर त्याहून कमी आहे असे धरूनच चालावे.

तपमापक कोठे टांगावा

यासाठी मोठे यंत्र लागत नाही. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या नळीचा कमाल-किमान तपमापक किंवा हल्ली मिळणारा आकडे दाखविणारा छोटा तपमापक पुरेसा आहे. खर्च बेताचा आहे. चूक होते ती यंत्रात नव्हे, जागेत. पुष्कळ ठिकाणी तो घराच्या भिंतीस ठोकलेला आढळतो. भिंत दिवसभर तापते व रात्रभर ती ऊब सोडीत राहते. त्यामुळे आकडा दोन-तीन अंशांनी अधिक येतो व घरचा माणूस निर्धास्त झोपतो. चुलीजवळ, गोठ्याजवळ आणि पत्र्याखालीही हीच फसगत होते.

परसात मोकळ्या जागी एक खांब रोवावा. त्यावर चार फूट उंचीवर, चारी बाजूंनी हवा खेळेल पण ऊन लागणार नाही अशी लाकडी फळ्यांची पेटी बसवावी व तिचे दार उत्तरेस ठेवावे. तपमापक तिच्यात असावा. जमल्यास दुसरा तपमापक शेताच्या सर्वांत सखल कोपऱ्यात त्याच उंचीवर लावावा. सात-आठ दिवस दोहोंची नोंद केली की घर व शेत यांतील अंतर किती पडते हे कळून येते. मग रोज शेतापर्यंत जाण्याचे कारण उरत नाही. परसात सहा दिसले की सखल रानात किती असेल याचा अंदाज घरबसल्या करता येतो, व त्या अंदाजास गावाबाहेरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक किंमत द्यावी.

नोंद सूर्य उगवण्याच्या सुमारास, ऊन पेटीवर येण्यापूर्वी करावी. नळीच्या तपमापकात लहानशी काडी असते. किमान बाजूस तिचे खालचे टोक जेथे असेल तो रात्रीचा नीचांक होय. वाचून झाल्यावर ती काडी पुन्हा पाऱ्यास टेकवून ठेवावी लागते. हे विसरले तर दुसऱ्या दिवशी आदल्याच रात्रीचा आकडा वाचला जातो, आणि असे फार वेळा घडते.

पंचवीस ग्रॅमांचा जीव

आता पाखरांकडे वळावे. चिमणीचे वजन पंचवीस-तीस ग्रॅम असते. फुलातील मध चोखणारा शिंजीर तर दहा ग्रॅमांहूनही हलका असतो. अशा जिवाच्या शरीराचे तपमान मात्र एक्केचाळीस अंशांच्या आसपास राहावे लागते, माणसापेक्षा चार अंश अधिक. बाहेर चार अंश आणि आत एक्केचाळीस. शरीर जितके लहान तितकी त्याच्या वजनाच्या मानाने कातडी अधिक, व तितकी उष्णता लवकर बाहेर जाते. मोठ्या रांजणातील ऊन पाणी तासभर कोमट राहते, पण वाटीतले पाहता पाहता निवते, तसाच हा प्रकार आहे.

पाखरू ही उष्णता दिवसा खाल्लेल्या अन्नाच्या चरबीतून भागविते. जानेवारीच्या आरंभी नाशिकच्या बाजूस दिवस अकरा तासांचा व रात्र तेरा तासांची असते. त्या तेरा तासांत लहान पाखराच्या वजनाचा विसावा ते दहावा भाग खर्ची पडतो. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भरून काढला नाही तर पुढची रात्र अवघड जाते. एका कडक रात्रीने पाखरे सहसा मरत नाहीत. लागोपाठच्या पाचव्या-सहाव्या रात्री, अंगची शिल्लक संपल्यावर, खरी कसोटी लागते. म्हणून थंडीच्या लाटेत नीचांक किती यापेक्षा ती किती दिवस टिकली, ही नोंद अधिक बोलकी ठरते. पिकाच्या बाबतीतही थोडेफार हेच खरे आहे.

आपल्याकडील थंडीत एक दिलासा असतो. पहाटे दोन-तीन अंश असले तरी दुपारी ऊन चांगले तापते व पारा चोवीस-पंचवीसपर्यंत चढतो. थंड देशांत तसे होत नाही. इंग्लंडमध्ये १९६२-६३ चा हिवाळा असा गेला की डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंत जमीन गोठलेलीच राहिली. दिवसाही अन्न उघडे पडेना. तेव्हा रेन नावाच्या चिमुकल्या पक्ष्याचा तिकडे मोठा संहार झाला. महाराष्ट्रातील पाखरास दुपार मिळते. त्या चार-सहा तासांत ते काय खाते व कोठे खाते, हे शेतकऱ्याने पाहावयाचे आहे.

पहाटेपासून दुपारपर्यंत

वेडा राघू हा हिरवा, लांब चोचीचा, लहानसा पक्षी सर्वांच्या परिचयाचा आहे. उडते किडे हेच त्याचे अन्न. मुळात तो उशिरा उठणारा. कडाक्याच्या सकाळी हे राघू तारेवर वा बोरीच्या फांदीवर एकमेकांस अगदी चिकटून, पिसे फुगवून, एका ओळीत बसलेले दिसतात. ते आळसाने बसलेले नसतात. हवेत उडता किडाच नसतो, मग उडून करावयाचे काय? किडे हे थंड रक्ताचे प्राणी. हवा तापेपर्यंत त्यांचे पंख हलत नाहीत. पहिला राघू तारेवरून झेप घेऊन, किडा टिपून परत येतो, ती वेळ घड्याळात पाहून लिहून ठेवावी. एरवी आठाच्या सुमारास होणारी ही झेप थंडीत नऊ-साडेनऊपर्यंत लांबली, तर शिवारातील किडी तोवर गारठून पडल्या आहेत, असा त्याचा अर्थ. परागीभवन करणाऱ्या मधमाश्याही त्या वेळी बाहेर पडत नाहीत. कांद्याचे बी धरणाऱ्या शेतकऱ्यास ही माहिती उपयोगी आहे.

कोतवाल, साळुंकी, चिरक आणि शेपटी हलविणारा पांढरा धोबी यांची रीत निराळी. थंडीत त्यांचा ओढा उकिरड्याकडे व गोठ्याकडे असतो. कुजणारे शेणखत आतून ऊन असते, त्यात अळ्या जिवंत व हलत्या राहतात. सकाळी उकिरडा उकरणाऱ्या साळुंक्यांची संख्या एकाएकी वाढली तर रानात त्यांना अन्न मिळेनासे झाले आहे असे समजावे. पुढे थंडी ओसरू लागली की हीच पाखरे उकिरडा सोडून हरभऱ्यात उतरतात, आणि हा बदल सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण थंडीत मंदावलेली घाटेअळी तपमान वाढताच, त्यातून आभाळ आले तर विशेषच, पुन्हा जोराने खाऊ लागते. कोतवाल व साळुंक्या हरभऱ्यावर घिरट्या घालू लागल्या की त्याच दिवशी दहा-वीस झाडे हलवून खाली पडणाऱ्या अळ्या मोजाव्यात. पाखरांस त्या आधी दिसतात. माणसास घाट्यास भोक पडल्यावर दिसतात.

चिमण्या व होले दाणे टिपणारे. त्यांना थंडीचा जाच किड्यांवर जगणाऱ्या पाखरांपेक्षा कमी, कारण खळ्यावर व दारात दाणा सापडतो. उन्हे येताच पूर्वेकडील कौलांवर चिमण्यांचा थवा पिसे फुलवून बसतो व बराच वेळ हलत नाही. पिसांमध्ये कोंडलेली हवा हीच त्यांची रजई. एखादी चिमणी ऊन चांगले तापल्यावरही तशीच फुगून, डोळे मिटून बसली असेल तर ती आजारी वा उपाशी आहे, एवढे ओळखता आले पाहिजे.

भोरड्यांविषयी चार शब्द वेगळे सांगणे भाग आहे. मध्य आशियाकडून हिवाळी पाहुणे म्हणून येणाऱ्या या गुलाबी-काळ्या पाखरांचे हजारोंचे थवे ज्वारी हुरड्यात असताना कणसांवर तुटून पडतात. शेतकऱ्याचा त्यांच्यावरील राग समजण्याजोगा आहे व त्या पंधरवड्यात माळ्यावरून गोफण फिरविल्याशिवाय गत्यंतर नसते. परंतु हीच पाखरे टोळ व अळ्याही मोठ्या प्रमाणावर खातात. ज्वारी राखावी, पण हरभऱ्यात उतरलेल्या भोरड्यांस हाकलण्यात श्रम दवडू नयेत. सर्वच पाखरांस एका गोफणीने मारावयाचे, हा विचार शेतीच्या हिशेबातही तोट्याचा आहे.

पाखरे भविष्य सांगत नाहीत

सहदेव-भाडळीपासून आजपर्यंत पाखरांवरून हवामान ओळखण्याची चाल आपल्याकडे आहे. पावशाच्या हाकेत शेतकरी ‘पेरते व्हा’ असे शब्द ऐकतो. चिमण्या धुळीत न्हाल्या की पाऊस येतो, असेही म्हटले जाते. या समजुतींची थट्टा करण्याचे कारण नाही. त्यांच्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे. परंतु त्यांवर पीक टांगू नये. चिमणी धुळीत न्हाते ती अंगावरील उवा व मेणकटपणा घालविण्यासाठी, आणि ती बाराही महिने न्हाते. पाखरास आठ दिवसांनंतरचे हवामान कळते असे मानण्यास आधार नाही. त्याला आजची थंडी कळते, आजचे अन्न कळते, व त्याप्रमाणे ते वागते. एवढी माहितीही थोडी नाही. उद्याचे हवामान हवामान विभागाकडून घ्यावे, काल रात्रीचे तपमापकाकडून, आणि आज सकाळी रानात काय हलते आहे ते पाखरांकडून.

त्यासाठी एका दिवसाच्या निरीक्षणावर विसंबू नये. मांजर आले म्हणूनही चिमण्या गप्प बसतात. वहीत तारीख, किमान तपमान, आकाश, वारा, दंव आणि पाखरांविषयी एक ओळ, इतकेच रकाने आखावेत व थंडी सुरू होण्यापूर्वीपासूनच लिहावयास लागावे. साध्या दिवसांची नोंद नसेल तर लाटेतील नोंदीस अर्थ राहत नाही. हे काम घरातील शाळकरी मुले आवडीने करतात व वडील माणसांपेक्षा नियमाने करतात. गावपातळीवरील कार्यकर्त्याने आपल्या क्षेत्रात माळावरचे एक, मध्यावरचे एक व ओढ्याकाठचे एक, अशी तीन घरे निवडली तरी सबंध शिवाराच्या थंडीचा नकाशा एका हिवाळ्यात हाती येईल.

लाट आली असता

सायंकाळी आढ्यावर धूर पसरला, वारा पडला व परसातील नोंद आदल्या दिवशीच पाच-सहापर्यंत आली असेल, तर सखल तुकड्यास रात्री हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठविते व रात्री ती खालून वर पोचविते. त्यायोगे पिकालगत एक-दोन अंशांचा आधार मिळतो. कडाक्याच्या रात्री तेवढाही पुष्कळ होतो. पाणी भरपूर नको, हलकेच हवे. द्राक्ष व केळीच्या बागेस वाऱ्याच्या बाजूने शेवरी, बांबू वा सुरूचे कुंपण असावे. ते नसेल तर त्या हंगामापुरते जुने बारदान वा हिरवी जाळी बांधावी.

शेकोट्यांविषयी मात्र थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. धुराचे पांघरूण पिकास वाचविते अशी समजूत दृढ आहे. धुराने उष्णता फारशी अडत नाही. उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा, आणि त्यामुळे वरची उबदार हवा व खालची थंड हवा मिसळते त्याचा. म्हणून एक मोठी धुमसती रास करण्यापेक्षा बागेत अंतराअंतरावर लहान लहान शेकोट्या पहाटे तीन-चारच्या सुमारास पेटवाव्यात. वारा वाहत असेल तर त्या पेटविणे व्यर्थ होय. कुंपणाच्या बोरी-बाभळीखाली व बांबूच्या बेटाखाली शेकोटी करू नये. तेथे पाखरे रात्रीच्या आसऱ्यास बसलेली असतात. मध्यरात्री उठविलेले पाखरू अंधारात दुसरी जागा शोधू शकत नाही व अंगची चरबी उगाच खर्च करते. लाटेच्या दिवसांत कुंपणाची छाटणीही पुढे ढकलावी.

हलके पाणी दिलेल्या हरभऱ्यात सकाळी बगळे व साळुंक्या जमतात, कारण ओलीमुळे रातकिडे व जमिनीतील अळ्या वर येतात. त्यांना हुसकावू नये. हेक्टरी पन्नास या हिशेबाने इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे थंडी असतानाच रोवून ठेवावेत, म्हणजे घाटेअळी हलू लागण्याच्या वेळी कोतवालाची बैठक तयार असते. ज्वारीत दाणे भरू लागताच थांबे काढून घ्यावेत.

परसात काय करावे? मातीच्या परळात उथळ पाणी रोज सकाळी बदलून ठेवावे. बाजरी, नाचणी वा तांदळाची कणी यांची मूठभर पखरण मांजर पोचणार नाही अशा उंच फळीवर करावी. एकदा ऊन येताच व एकदा मावळतीच्या तासभर आधी. रात्रीच्या तोंडी मिळालेला दाणा पाखरास सर्वांत अधिक उपयोगी पडतो. तिखट-मिठाचे उष्टे टाकू नये. द्राक्षबागेवर पक्षीरोधक जाळी असेल तर ती ताणून बांधावी. सैल जाळीत बुलबुल अडकतात व गारठून मरतात, आणि रोज सकाळी जाळी पाहण्याचे काम कोणाकडे तरी सोपविलेले असावे.

कोंबड्या पाळणाऱ्यांनी अशा दिवसांत विशेष सावध राहावे. लहान पिलांस पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढून बसू लागली की ऊब कमी पडते आहे असे समजावे. पडदे रात्री सोडावेत, परंतु वरून हवा येण्यास फट ठेवावी. आणि परसात, उकिरड्यावर वा तळ्याकाठी एकाहून अधिक पाखरे मेलेली आढळली, तर ती थंडीनेच मेली असे परस्पर ठरवू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्यांची मोठी मर झाली, ती बर्ड फ्लूमुळे होती. मेलेल्या पाखरास उघड्या हाताने शिवू नये, कुत्र्या-मांजरांस त्याकडे जाऊ देऊ नये, आणि त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. वर्दी देताना वहीतील मागील आठ दिवसांची तपमानाची नोंद सोबत न्यावी. थंडी किती दिवस होती व पाखरे केव्हापासून मरू लागली, हे दोन्ही तेथे विचारले जाते.